प्रशिक्षण झाले, पण सोबत कोण जाणार?

आज तालुक्याच्या ठिकाणी आशाताईंचे उजळणी प्रशिक्षण होते. आशांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक म्हणून मीही दिवसभर तिथे बसले आणि घरी येताना इतका संताप आला की, स्वयंपाक आटोपताच हे लिहायला घेतले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडद्यावर एकामागून एक चित्रे सरकत होती. बाळाचे वजन करायचा झोळीचा काटा टेबलावर होता, पण तो पेटीतून बाहेर निघालाच नाही. प्रात्यक्षिक कधी होणार, असे मी दुपारी विचारले. उत्तर मिळाले की, विषय संपवायचे आहेत, प्रात्यक्षिक आशाताई आपापल्या गावात गेल्यावर करतीलच. मग सह्या झाल्या, फोटो झाला आणि सगळ्या जणी कागदावर प्रशिक्षित झाल्या.

गावात गेल्यावर करतील, हे मलाही मान्य आहे. पण कोणाच्या सोबतीने करतील?

आमच्या भागात कापूस वेचणी सुरू असताना घडलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एक नवी आशाताई होती, बारावी झालेली, गावाची सून, लेखी परीक्षेत सगळ्यांत पुढे. बाळ जन्मल्यानंतरच्या चौदाव्या दिवसाच्या गृहभेटीला मी तिच्याबरोबर गेले होते आणि शेजारच्या गावातील एक जुनी आशाताई आपण होऊन आमच्यासोबत आली होती. थंडी असल्यामुळे बाळ गोधडीत गुंडाळलेले होते. नवी ताई हातात घड्याळ धरून बाळाच्या तोंडाकडे बघत श्वास मोजू लागली. जुन्या ताईने हळूच गोधडी बाजूला केली, झबले वर घेतले आणि म्हणाली, "पोरी, तोंडाकडं कायले पाह्यतं? पोट पाह्य." बाळ रडू लागले तेव्हा तिने मोजणी थांबवली, त्याला आईच्या कुशीत शांत होऊ दिले आणि पूर्ण एक मिनिट पुन्हा मोजायला लावले. मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे धोका, हे त्या मुलीला तोंडपाठ होते. मोजणी ६० च्या वर गेली, दुसऱ्यांदा मोजले तरी तेच आले आणि ते बाळ त्याच संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयात पोहोचले. ते वाचले.

पुस्तकातला आकडा त्या मुलीजवळ होताच. तो बाळाच्या पोटावर कुठे आणि कसा पाहायचा, हे तिला त्या घरात, त्या जुन्या ताईच्या शेजारी बसल्यावर कळले. झोळीच्या काट्याचेही असेच आहे. रिकामी झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणायचा असतो. हे ऐकून सगळ्या माना डोलावतात, पण आजी घाई करत असते, बाळ हातपाय झाडत असते, तेव्हा ती पायरी हमखास सुटते आणि अडीच किलोच्या आतले बाळ वहीत धडधाकट म्हणून नोंदले जाते.

वर्गाची गरज नाही, असे माझे म्हणणे मुळीच नाही. नुसत्या अनुभवावर सोडले तर आमच्या गावांतून बाळाला मध चाटवणे, जन्मताच आंघोळ घालणे आणि पहिला चीक पिळून टाकणे हेच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहील. त्या जुन्या ताईनेही पोटावर श्वास मोजणे कोणत्या तरी वर्गातच प्रथम ऐकले असणार. मुळात आशांचे मॉड्यूल सहा आणि सातचे, म्हणजे त्या क्रमांकांच्या प्रशिक्षण पुस्तिकांचे, प्रशिक्षण २० दिवसांचे, पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत आखले गेले, ते काही उगाच नव्हे. एक फेरी करावी, गावात जाऊन हात बसवावा, अडलेले घेऊन पुढच्या फेरीला यावे, अशी ती सोय आहे. मधला भाग बिनदेखरेखीचा राहिला तर त्या फेऱ्यांना काय अर्थ उरतो?

आणि हे आपल्याला बाहेरच्या कोणी येऊन सांगायची गरज नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत हेच करून दाखवले. गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, त्या घरोघर जाऊ लागल्या आणि त्यांचे काम पाहायला, चुकले तिथे सुधारायला पर्यवेक्षक गावात येत राहिले. नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. ते संशोधन १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालकाची काळजी हा कार्यक्रम देशभर घेतला. विदर्भातल्या खेड्यात सिद्ध झालेली पद्धत विदर्भातल्याच तालुक्यात अर्धी राबवली जावी, याचे मला फार वाईट वाटते.

आता हे लिहिताना राग थोडा निवला आहे, म्हणून एवढे मान्य करते की, शिकवणाऱ्यांवरही कामाचा डोंगर आहे, पदे रिकामी आहेत, एकेका आरोग्य सहायिकेकडे दोघींचे काम आहे. आज शिकवणाऱ्या ताई जीव तोडून बोलत होत्या, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

पण त्या जुन्या ताईचे काय? एका बाळाच्या सगळ्या गृहभेटी पूर्ण झाल्यावर मिळणारे २५० रुपये त्या गावच्या आशाचे, ते योग्यच आहे. जुनीने मात्र त्या दिवशी वेचणी बुडवली होती. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, शेतात नाही गेले तर हाती काहीच येत नाही. तिने शिकवले याची नोंद करायला कोणत्याही नमुन्यात रकाना नाही. सभागृहाला, जेवणाला, फलकाला खर्च मंजूर होतो आणि बाळाच्या उशाशी बसून दुसरीला घडवणाऱ्या बाईचा एसटीचा खर्चही कुणी विचारत नाही. ज्यांना सरकार अजून कर्मचारी म्हणायला तयार नाही, त्यांच्याकडून कर्मचाऱ्यांसारखी कामगिरी मागितली जाते आणि ती कमी पडली की आढावा बैठकीत सर्वांसमोर सुनावले जाते. याची चीड येऊ नये, तर कशाची यावी?

पुढच्या मासिक बैठकीत मी लेखी मागणी देणार आहे. प्रत्येक नव्या आशाच्या सुरुवातीच्या गृहभेटींना एक अनुभवी आशा सोबत असावी, तिला त्या दिवसाचा मोबदला आणि प्रवासखर्च मिळावा, आणि श्वास मोजणे, वजन करणे व ताप पाहणे या तीन गोष्टी प्रत्यक्ष बाळावर नीट करून दाखवल्याशिवाय कोणाच्याही नावापुढे प्रशिक्षित असे लिहू नये. माझ्या यादीतल्या गटप्रवर्तक मैत्रिणींनो, आपापल्या तालुक्यात हाच अर्ज द्या. मसुदा मी आज रात्री आपल्या गटावर टाकते, त्यात काही राहिले असेल तर बैठकीच्या आधी कळवा.