बारा मिनिटं वाट बघायला लावणारी मालिका

अंतराळातल्या मालिकेत यानाचा स्फोट झाला आणि मोठा आवाज आला, तर मी आता चिडत नाही. अवकाशात हवा नाही, म्हणून आवाजही नाही. ‘फायरफ्लाय’ या मालिकेने २००२ मध्ये बाहेरचं अवकाश निःशब्द ठेवलं होतं आणि ते मला फार आवडलं होतं, पण तेवढ्यावरून एखाद्या मालिकेला नापास करणं मी सोडून दिलंय. मला राग येतो तो अंतर गायब केल्याचा.

परवा भाच्याबरोबर ‘स्पेस : १९९९’ बघत होतो. १९७५ची मालिका. चंद्रावर साठवलेल्या अणुकचऱ्याचा स्फोट होतो, चंद्र तिथल्या तळावरच्या माणसांसकट पृथ्वीला सोडून निघतो आणि मग जवळजवळ दर भागात नवा ग्रह, नवी माणसं. मी कुरकुर करायला लागलो तसा भाचा म्हणाला, “मामा, ड्रॅगनच्या गोष्टी तुला चालतात, मग चंद्र फिरला तर काय बिघडलं?”

प्रश्न रास्त आहे, म्हणून दोन दिवस डोक्यात राहिला.

सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षं दूर आहे. सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने, म्हणजे ‘नासा’च्या व्हॉयेजर-१ यानाच्या वेगाने, तेवढं अंतर कापायला साधारण ७५ हजार वर्षं लागतील. ड्रॅगनच्या गोष्टीत ड्रॅगन हाच त्या जगाचा कायदा असतो आणि त्याचे परिणाम सगळ्यांना भोगावे लागतात. इथे मात्र चंद्रावरची माणसं पहिल्या भागात एकटी पडली म्हणून आपला जीव कासावीस होतो आणि पुढच्या भागांत शेजारी भेटतच राहतात. मग एकटेपण उरलं कुठे? चुकलेलं विज्ञान मी माफ करेन, पण इथे गोष्टीने स्वतःचंच दुःख फुकट घालवलं.

२४ सप्टेंबर २०१४ची सकाळ आठवा. आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरणार होतं. पृथ्वीपासून अंतर सुमारे २२ कोटी ४० लाख किलोमीटर, संदेश यायला साडेबारा मिनिटं. आणीबाणीत ‘थांब’ म्हणायची सोयच नाही. आज्ञा आधीच पाठवून ठेवलेल्या, मुख्य इंजिन जवळपास ३०० दिवस झोपलेलं (दोनच दिवस आधी चार सेकंद चालवून बघितलेलं), आणि ऐन वेळी यान मंगळाच्या आड. बंगळुरूच्या नियंत्रण कक्षात सगळे पडद्याकडे बघत बसलेले. जे व्हायचं ते तिकडे होऊन गेलेलं होतं, फक्त आपल्याला कळलेलं नव्हतं. मी टीव्हीसमोर उभा होतो. चहा निवून गेला तरी बसावंसं वाटलं नाही. इतकी उत्कंठा कुठल्याही लेझरच्या लढाईत मला मिळालेली नाही.

‘द एक्सपान्स’ मला इतकी प्रिय आहे ती यामुळेच. २०१५ ते २०२२, सहा सीझन. यानाचे मजले इमारतीसारखे एकावर एक, कारण इंजिनाच्या रेट्यानेच माणसाला वजन मिळतं. अर्धा प्रवास वेग वाढवायचा, मग यान उलटं फिरवून उरलेला अर्धा प्रवास ब्रेक मारत जायचं. क्षेपणास्त्र सुटलं की ते पोचेपर्यंत माणसं खुर्चीला खिळून बसतात, आणि त्या वेळात एकमेकांशी जे बोलतात त्यातच खरी मालिका आहे. ती मालिकाही सगळं खरं दाखवत नाही. सेरेस लघुग्रह गरागरा फिरवून त्याच्या पोटात वजन निर्माण केलंय. खऱ्या सेरेसचं गुरुत्व इतकं क्षीण आहे की तसं फिरवलं तर त्याचे तुकडे होतील. पण एकदा ते मान्य केलं की त्या फिरण्यामुळे पेल्यात ओतलेली दारूसुद्धा वाकडी पडते. घेतलेल्या सवलतीची किंमत तिथे चुकवली जाते.

‘स्टार ट्रेक’वाल्यांनी रागावू नका, मी तुमचाच आहे. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं खर्चिक होतं, म्हणून माणसं एका जागी विरघळून दुसरीकडे उमटवायची युक्ती आली. शुद्ध कल्पना, तरी मला ती खटकत नाही. पण त्याच मालिकेचा १९६६चा ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग बघा. शत्रूचं अदृश्य जहाज समोर आणि वरिष्ठांकडून उत्तर यायला कित्येक तास. युद्ध पेटवायचं की नाही हे कॅप्टन कर्कला एकट्याने ठरवावं लागतं. त्या एका उशिरामुळे कर्क मला माणूस वाटतो.

भाच्याला हे सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, “पण नुसती वाट बघण्यावर मालिका कशी चालेल?”

चालेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ निरर्थक आकडे पाठवायला लागलं. एक आज्ञा पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला आणखी साडेबावीस. मेमरीची एक चिप बिघडली होती. अभियंत्यांनी तिच्यातल्या प्रोग्रॅमचे तुकडे करून ते दुसरीकडे बसवले, १८ एप्रिल २०२४ला आज्ञा पाठवली आणि २० तारखेला १९७७ साली सुटलेलं ते यान पुन्हा नीट बोललं. मधले ते दोन दिवस कुणीतरी सहा भागांत दाखवा. मी एकही भाग पुढे ढकलून बघणार नाही.