किलोमीटर मोजू नका, ट्रॅक जोडा

पुण्यात सायकल ट्रॅकचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘किती किलोमीटर झाले?’ मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. कोथरूडहून शिवाजीनगरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घरापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत सलग जाता येतं का, एवढंच विचारा. आपले ट्रॅक नेमके चौकाच्या अलीकडे संपतात, म्हणजे तिला जिथे सगळ्यात जास्त भीती वाटते तिथे. मधे कुठे विजेचा डीपी बॉक्स, कुठे टपरी, कुठे लावलेल्या गाड्या. मग लोक म्हणतात, ‘ट्रॅकवर कुणी दिसतच नाही.’ कसं दिसेल?

हॉलंडनेही हे अनुभवलंय. १९७० च्या दशकात हेग आणि टिलबर्गमध्ये एकेक देखणा, खर्चिक सायकल मार्ग बांधला. आजूबाजूच्या रस्त्यांवरचे सायकलवाले त्यावर आले, पण शहरात सायकल चालवणारे फारसे वाढले नाहीत. पुढे डेल्फ्टने अख्ख्या शहराचं जाळं आखलं. मुख्य मार्ग साधारण ४०० ते ६०० मीटर अंतराने, त्यांच्या आत भागाभागातले २०० ते ३०० मीटरवर, आणि मग वस्तीतल्या गल्ल्या. कितीतरी कामं अगदी छोटी होती: कालव्यावर एखादा पूल, एकेरी रस्त्यावर सायकलला दोन्हीकडून मुभा. तिथे सायकलचा वापर वाढला.

‘ते थंड हवेचे देश’ म्हणणाऱ्यांनी स्पेनमधलं सेव्हिल पाहावं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे २००६ च्या सुमारास काम सुरू करून दीडेक वर्षात जवळपास ८० किलोमीटरचं जोडलेलं जाळं उभं केलं. त्यासाठी सुमारे ५,००० गाड्यांचं पार्किंग काढलं! शहरातल्या एकूण प्रवासात सायकलचा वाटा एक टक्क्याच्याही खाली होता, तो काही वर्षांत सहाच्या आसपास गेला. तुकड्यातुकड्याने बांधलं असतं तर पहिल्याच तुकड्यावर टीका होऊन सगळं बंद पडलं असतं, असं मला ठाम वाटतं.

पुण्याकडे आराखडा नाही असंही नाही. ८२४ किलोमीटरच्या जाळ्याचा सायकल आराखडा डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेने मंजूर केला. अवघड आहे ते पार्किंग काढणं, आणि त्यासाठी लागणारं राजकीय धैर्य. पण फक्त दुचाकींसाठी झेड ब्रिज बांधणारं हे शहर आहे. नदी ओलांडायला मोटारीपेक्षा लहान वाहनांना वेगळी वाट देता येते, हे आपणच दाखवलंय.

माझी मागणी साधी आहे. शहरभर तुकडे नकोत. कोथरूड, डेक्कन, शिवाजीनगर हा एकच पट्टा घ्या आणि चौकांसकट एकाच टेंडरमध्ये पुरा करा. जंगली महाराज आणि फर्ग्युसन या एकेरी रस्त्यांवर सायकलला उलट दिशेने संरक्षित पट्टी द्या. नाहीतर सायकलवाल्याने एवढा वळसा का घालावा?

महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. तुमच्या रोजच्या वाटेवर ट्रॅक कुठे तुटतो, तो चौक आणि दोन्ही बाजूंच्या रस्त्यांची नावं खाली लिहा. यादी करून आपण एकत्र देऊ.