आज्जींचा कागद आणि आमची वरची खोली

गेल्या मंगळवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या आज्जी दारात आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत चार घड्या घातलेला कागद. "एवढं वाचून सांग की गं." बेळगावच्या वडगावात चाळीस वर्षं मागावर साड्या विणलेली बाई. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. कागद मात्र सगळा कन्नडात. मला कन्नड बोलता येतं, पण सरकारी कन्नड वाचताना माझीही दमछाक होते. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने वाचून सांगितलं. पेन्शन चालू राहायला बँकेचे कागद पुन्हा द्यायचे होते आणि मुदत संपून नऊ दिवस झाले होते. त्या पोराच्या घरी कन्नड बोलतात. हातातलं काम ठेवून त्याने आज्जींचा अर्ज भरून दिला, पैसेही घेतले नाहीत. आज्जी कागदावरच्या तारखेवर बोट ठेवून बसल्या होत्या. "तारीख दिसत होती गं मला. कसली ते कळलं न्हाई."

हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

बेळगाव महाराष्ट्रात यावं की कर्नाटकातच राहावं, या सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मी याच लढ्याच्या घरात वाढले, एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, काळा दिवस म्हणून लहानपणापासून पाळत आले, आणि त्यातलं काहीही मला सोडायचं नाही. पण निकाल लागेल तेव्हा लागेल, आज्जींची पेन्शन या महिन्याची आहे. त्यांचा हक्क तर आजही कागदावर आहे. राज्यघटनेचं कलम 350 सांगतं की आपलं गाऱ्हाणं राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. 1956 च्या सातव्या दुरुस्तीने 350 ब आलं आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र आयुक्त मिळाला. जिथे अल्पसंख्याक भाषा बोलणारे 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असं ठरून किती दशकं लोटली. आयुक्त अहवाल लिहितात, शिफारस करतात. शिफारस न पाळणाऱ्याला हात लावायची ताकद त्यांच्याकडे नाही.

माझी मावसबहीण न्यूयॉर्कला भाड्याने राहते. तिथल्या शहराच्या मानवी हक्क आयोगाबद्दल मी पहिल्यांदा तिच्याकडूनच ऐकलं. हार्लेममध्ये 1943 साली दंगल झाली, त्यानंतर 1944 मध्ये महापौर ला गार्डिया यांनी लोकांत सलोखा राखण्यासाठी एक समिती नेमली. तिथून वाढत वाढत 1962 मध्ये आजच्या नावाचा आयोग उभा राहिला. घर नाकारलं, नोकरी नाकारली, दुकानातून हाकललं, तर माणूस थेट या आयोगाकडे जातो. जाणूनबुजून भेदभाव केल्याचं सिद्ध झालं तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. घरमालकावर संशय असला तर आयोग सारख्याच ऐपतीची दोन माणसं एकाच घराची चौकशी करायला पाठवतो आणि कोणाला काय उत्तर मिळतं ते नोंदवून घेतो. शिवाय 2017 च्या कायद्याप्रमाणे तिथल्या शहर कार्यालयांना महत्त्वाचे कागद 10 भाषांमध्ये द्यावे लागतात. त्यात बंगाली आहे, उर्दू आहे. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाला तिथे त्याच्या भाषेत कागद मिळतो आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या आमच्या आज्जींना मिळत नाही.

घरमालकाचा विषय निघालाच आहे, तर आमच्याच घरातली गोष्ट सांगते. आपल्याकडे हे बोललं जात नाही.

पाच वर्षांपूर्वी आमची वरची खोली रिकामी होती. एक नवरा-बायको बघायला आले. तो कॉलेजात शिकवायचा, मराठीच बोलणारा. खोली पसंत पडली, भाडं ठरलं. बाई खिडकीतून परसातल्या लिंबाच्या झाडाकडे बघत होती. मग काकांनी पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर म्हणाले, "गावाकडची पाव्हणी यायची हाईत, सध्या द्यायची न्हाई." पाहुणे कुणीही येणार नव्हते. आठ दिवसांत खोली दुसऱ्याला दिली. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. ती दोघं ज्या शांतपणे जिना उतरली, त्यावरून ही त्यांची पहिली वेळ नव्हती.

ते दाद मागणार कुठे? आपल्याकडचे मानवी हक्क आयोग 1993 च्या कायद्यावर चालतात. सरकारी नोकराने हक्क डावलला तर ते चौकशी करतात आणि तीही शेवटी शिफारशीपाशीच थांबते. खाजगी घरमालक त्यांच्या कक्षेत येत नाही.

म्हणून बेळगावला शहराचा स्वतःचा असा आयोग हवा, असं माझं ठाम म्हणणं आहे. मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी, कुठल्याही भाषेत तक्रार घेणारा, चौकशी करणारा आणि दंड करता येईल असा. त्यासाठी विधानसभेत कायदा व्हावा लागेल, हे मला माहीत आहे. पण तसा ठराव महापालिकेच्या सभेत मांडायला 58 पैकी एक नगरसेवक पुरे. आज्जींच्या कागदासाठी मी तिथे तक्रार करेन आणि आमच्या काकांवरही तिथेच तक्रार करता आली पाहिजे. मराठी माणसावरच्या अन्यायापुरता आयोग मागायचा असेल, तर त्या मागणीत मी नाही.

सोमवारी मी मराठीत अर्ज लिहून महापालिकेत नेणार आहे, आवकचा शिक्का मारून घेणार आहे. आज्जीही येते म्हणाल्यात. तुमच्याकडे असे न वाचता आलेले कागद पडून असतील, तर त्यांच्या झेरॉक्स अर्जाला जोडते.