एक स्टार देणाऱ्या दादांना दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा. काल रात्री शटर ओढता ओढता तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पीसी स्लो होता, फक्त फॉरमॅट मारायला दिला होता. आम्ही चार दिवस डांबून ठेवला, ३,८०० रुपये घेतले, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, न फिरणारी वेगवान डिस्क) गळ्यात मारली आणि वर काही फोटो उघडतच नाहीत. दुसरीकडे हेच काम ४०० रुपयांत झालं असतं.

आधी आमच्या चुका. पीसी घेताना आमच्या पोरानं "उद्या संध्याकाळी न्या" असं सांगितलं, ते मशीन चालू करून न बघताच. दुसरी चूक माझी. एसएसडीबद्दल मी तुमच्या चिरंजीवांना फोनवर विचारलं, ते "बसवा" म्हणाले आणि मी बसवली. पैसे देणार तुम्ही, तर विचारायलाही तुम्हालाच हवं होतं. तुमचा राग इथंवर रास्त आहे.

आता फॉरमॅटचं. ते न मारण्याचा निर्णय मी घेतला, आणि उद्या तसाच पीसी आला तरी हेच करीन.

मशीन चालू केलं तेव्हा डेस्कटॉप दिसायला सात मिनिटं लागली. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १००%, आणि वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम एक एमबी. व्हायरस असता तर बहुधा प्रोसेसर किंवा रॅमवर काहीतरी ताण दिसला असता, ते दोन्ही निवांत होते. कॅबिनेटला कान लावला तर दर थोड्या वेळानं टक्... टक्. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे बिघाडांच्या नोंदवहीत, 'बॅड ब्लॉक'च्या (डिस्कवरच्या खराब जागेच्या) एररची रांग लागलेली. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राममध्ये पिवळा 'कॉशन', म्हणजे धोक्याचा इशारा, आणि पेंडिंग सेक्टरसमोर १३८. हा आकडा हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेला) असतो, म्हणजे आपल्या हिशेबानं ३१२. डिस्कला वाचता न आलेल्या तीनशेवर जागा. कोल्हापुरात आपण ऊठसूट 'विषय हार्ड' म्हणतो, इथे खरोखरच हार्ड डिस्कचा विषय होता.

पार्ट विकायचा असता तर तिथेच तुम्हाला फोन केला असता. आधी डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलली, पोर्टही बदलला, कारण खराब केबलनंही डिस्कच्या एरर येतात. पण केबलच्या चुका मोजणारा आकडा शून्यच होता आणि पेंडिंगचा आकडा तासाभरात आणखी वाढला.

अशी डिस्क स्लो का होते? खराब जागेवर गेली की ती तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून बघते. डिस्क मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, तरी एकेका जागेवर कित्येक सेकंद जातात. तिकीट खिडकीवर पुढचा माणूस सुट्टे शोधत बसला की मागची रांग थांबते, तसं विंडोज थांबतं. माउस हलतो, फोल्डर मात्र उघडत नाही.

साध्या फॉरमॅटनं यातलं काहीच बरं होत नाही. क्विक फॉरमॅट म्हणजे नवी अनुक्रमणिका लिहिणं, फाटलेली पानं फाटलेलीच राहतात. वर नवीन विंडोज नेमकं तुमच्या जुन्या फायलींच्या जागेवर जाऊन बसलं असतं. चारशे रुपयांत पीसी पंधरा दिवस पळालाही असता, मग?

चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, तेही मी मुद्दाम चालवलं नाही. खराब जागा शोधायला सांगितलं की मरायला टेकलेल्या डिस्कला ते अख्खी वाचायला लावतं आणि फायलींच्या नोंदींतही फेरफार करतं. कॉपी हातात असल्याशिवाय तो उद्योग करायचा नसतो. म्हणून डीडीरेस्क्यूनं आमच्या स्पेअर डिस्कवर कॉपी घेतली. हा प्रोग्राम आधी चांगला भाग उचलतो, अडेल तिथून पुढे जातो आणि शेवटी राहिलेल्या जागांवर परत येतो. चांगला भाग पहिल्याच रात्री आला. उरलेल्या चिमूटभर भागानं दोन दिवस खाल्ले. डिस्क तापू नये म्हणून टेबल फॅन तिच्यावर आणि आम्ही घामात.

अखेर न वाचलेला भाग एक एमबीपेक्षा कमी राहिला. त्यातच तुमचे चौदा फोटो सापडले. काही उघडतच नाहीत, काहींचा वरचा भाग दिसतो आणि खाली राखाडी पट्टा. कोणते, ते इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहेत. मलाही वाईट वाटलं. पण डिस्क आमच्याकडे येण्याआधीच खराब झालेली होती.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडून आलेल्या डिस्क मी हाताळल्यात. ओल्या डिस्कला घाईनं करंट देऊन बघितलेल्यांचे चेहरे आठवतात. तेव्हापासून डेटा असला की मी घाई करत नाही, गिऱ्हाईक चिडलं तरी.

३,८०० चा हिशेब: एसएसडी २,८००, मजुरी १,०००. कॉपीचे वेगळे घेतलेले नाहीत. तरीही एसएसडी नको असेल तर परत आणा, २,८०० परत देतो. दुसरीकडून घेतलेली बसवायची असेल तर तीही बसवून देतो, मजुरी नको. चौदा फोटोंसाठी पुण्या-मुंबईच्या लॅबचा पर्याय आहे, पण खर्च मोठा आणि खात्री नाही. तो निर्णय तुमचा.

जुनी डिस्क माझ्या खणात पाकिटात ठेवली आहे, वर तुमचा पावती नंबर आहे. कुणी सांगितलं तरी ती कुठे जोडून बघू नका. न्यायला अकरानंतर या. त्याआधी दुकानात पोरगा एकटाच असतो, आणि तो पुन्हा "उद्या संध्याकाळी" म्हणायचा.