काडतूस घरी भरावं, पण कोणतं?

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी घरोघरी माहीत झालं. तेव्हापासून कोल्हापूर-पुण्याकडच्या पालकांशी बोलणं झालं की एक प्रश्न हमखास येतो. काडतुसं महाग, चांगली हवीत तर परदेशातून आणावी लागतात. मग अमेरिकेत तुम्ही लोक घरी भरता, तशी आमच्या पोरांना का भरू देत नाहीत? मी ओहायोत राहतो, लांब पल्ल्याची रायफल नेमबाजी करतो आणि त्या रायफलची काडतुसं स्वतः भरतो. म्हणून या प्रश्नाला मनापासून उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी इथला हिशेब. स्वतःपुरती काडतुसं भरायला इथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. प्रायमर (ठिणगी देणारी छोटी टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी सुटी विकत मिळते. पितळी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, हा सगळ्यात महागडा भाग, आणि तीच पुन्हा पुन्हा वापरता येते. पैसे वाचतात ते यातून. पण ९ मिलिमीटरच्या पिस्तुलात ही बचत एका काडतुसामागे जेमतेम चार-पाच सेंटची. काडतुसं भरायच्या साध्या हातयंत्राचा, म्हणजे प्रेसचा, संच तीन-चारशे डॉलरला येतो, शिवाय शनिवार-रविवार जातात ते वेगळेच. नव्या माणसाला मी स्पष्ट सांगतो, पिस्तुलाची काडतुसं विकत घे.

‘टंचाईत कामाला येतं’ हा युक्तिवादही २०२०-२१ मध्ये टिकला नाही. दुकानांतून तयार काडतुसं गेली, तसे प्रायमरही गेले, कारण प्रायमर बनवणारे कारखाने तो माल आधी स्वतःच्या काडतुसांत घालतात. घरी प्रेस आहे, पुंगळ्यांनी डबे भरलेत आणि प्रायमर नाही, अशी कित्येकांची गत झाली.

रायफलची गोष्ट निराळी. .३०८ या मापाच्या रायफलचं स्पर्धेच्या दर्जाचं एक काडतूस दीड-दोन डॉलरला पडतं, घरी भरलं तर साधारण निम्म्यात होतं. तरी माझ्या लेखी पैसा दुय्यम आहे. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. दारूचं वजन आणि गोळी किती खोल बसवायची, हे छापील मर्यादेत राहून आपल्या नळीप्रमाणे जुळवता आलं की सहाशे यार्डांवर फरक दिसतो. कारखान्याचं काडतूस सगळ्यांच्या रायफलींसाठी बनलेलं असतं.

पण हे काम कसं चालतं ते पालकांनी एकदा पाहावं. फोन दुसऱ्या खोलीत. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, म्हणजे दोन प्रकारांची सरमिसळ नको. दारू घातलेल्या पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करायच्या, विजेरी मारून प्रत्येकीतली पातळी बघायची आणि मगच गोळी बसवायची. पिस्तुलाच्या पुंगळीत दारू इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी ती मावते. तसा बार झाला तर बंदूक हातात फुटू शकते. जवळजवळ सगळ्या बंदूक कंपन्या माहितीपुस्तिकेतच लिहितात की घरी भरलेली काडतुसं वापरली तर जबाबदारी आमची नाही. ती सगळी भरणाऱ्याच्या डोक्यावर. थकलेल्या, घाईतल्या माणसानं या टेबलाजवळ येऊच नये असं माझं ठाम मत आहे.

आता मूळ मुद्दा. स्वप्नीलचा ५० मीटर रायफलचा प्रकार, राही सरनोबतचा २५ मीटर पिस्तूल, तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ज्यात जगज्जेतेपद मिळवलं तो ५० मीटर प्रोन (पालथं पडून नेम धरायचा), हे सगळे .२२ रिमफायर या बारीक काडतुसावर चालतात. या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं आणि बार होताना तो काठच चेपतो. ती पुंगळी टाकूनच द्यायची. अमेरिकेतही .२२ चे नेमबाज काडतुसं विकतच घेतात. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये तर दारूच नाही. ऑलिंपिकपुरतं बोलायचं तर घरी भरण्याजोगी उरतात ती ट्रॅप आणि स्कीट या उडत्या तबकड्यांवरच्या प्रकारांची १२ बोअरची.

त्यात भारतातला कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. विनापरवाना निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे, जास्तीत जास्त जन्मठेप. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत, भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये दारूचे डबे असावेत असं मलाही वाटत नाही. रायफल क्लबमध्ये, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली १२ बोअर आणि सेंटरफायर (तळाच्या मध्यावर वेगळा प्रायमर असलेली) काडतुसांपुरती परवानगी द्यावी, त्याला माझा पाठिंबा आहे. मात्र त्यानं .२२ च्या मुलांचं काहीच भागणार नाही.

त्यांची गरज वेगळी आहे. एले, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या एकाच प्रतीच्या काडतुसांतही लॉटागणिक, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या खेपेगणिक, फरक पडतो. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन चाचणी केंद्रावर जातात, वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि जो नळीला मानवेल तो एकगठ्ठा घेतात. घरी दारू तोलून आम्ही जे साधतो, ते .२२ वाल्यांना लॉट निवडूनच साधता येतं. हाती येईल तो डबा घेऊन सराव करणाऱ्या मुलाला नेम कोणामुळे हलला, आपल्यामुळे की काडतुसामुळे, हे कळणार कसं?

पालकांनी आणि संघटनांनी आपलं बळ इथे लावावं. आयात वेळेवर व्हावी, एकाच लॉटचा पुरेसा साठा मिळावा, पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात लॉट तपासण्याची कायमची सोय व्हावी. खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना उभा आहे, वरणगावला दुसरा आहे. स्पर्धेच्या दर्जाचं .२२ काडतूस आम्हाला इथेच बनवून द्या, अशी मागणी या दोन्ही कारखान्यांच्या दारात जायला हवी.