संपलेला स्क्रू

चेलोला, म्हणजे व्हायोलिनच्या बसून वाजवायच्या थोरल्या भावाला, चार तारा असतात आणि त्यातली एक कायम उतरलेली असते. कुठली, हे ज्या दिवशीचं त्या दिवशी कळतं.

वर लाकडी खुंट्या असतात. निमुळत्या भोकात निमुळती खुंटी घट्ट रुतते, एवढ्यावरच सगळा कारभार. दमट हवेत ती फुगून अडून बसते, कोरड्या हवेत आकसून सुटते. त्यात तार पोलादी. खुंटी जराशी हलली की सूर कुठल्या कुठे जातो. म्हणून खाली टेलपीसवर, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवायच्या पट्टीवर, फाइन ट्यूनर असतात, तंबोऱ्याच्या मण्यांचे लांबचे भाऊबंद. स्क्रू पिळला की त्याखालचा दांडा दाबला जातो आणि तार किंचित ताणली जाते. यातला ‘किंचित’ हा शब्द मी ऐकलाच नाही.

सहा महिने मी खुंटीला हात लावला नाही. तार उतरली की पीळ स्क्रू! शेवटी एकदा ए तारेचा स्क्रू तळाला टेकला, तरी सूर हव्या त्या २२० हर्ट्‌झच्या खालीच.

“आधी स्क्रू सैल करा, मग खुंटी,” सर म्हणाले. “आणि फिरवताना आत दाबायची.”

पहिलं वाक्य मी पाळलं. दुसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर भर्रर्र करून खुंटी उलटी फिरली आणि तार वाळत घातलेल्या नाडीसारखी लोंबली. ती परत चढवली, तर घोडीवरचा ताण बदलून बाकीच्या तिघी बिघडलेल्या.

शेजारी डबल बासवाला, म्हणजे चेलोहूनही मोठ्या, खर्जातल्या वाद्याचा. त्याच्या वाद्याला मुळातच दातेरी चक्रांच्या किल्ल्या. गप्पा मारता मारता फिरवतो, आणि सोडतो तिथे राहतात. मात्र त्याची सगळ्यात खालच्या सुराची ई तार ४१ हर्ट्‌झची. गोंगाटात ती कानापेक्षा तळपायाला आधी कळते. बिचारा वाद्याला कान चिकटवून हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसतं बोट टेकवून निघणारे वरचे सूर, जुळवत बसला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

तास संपताना सरांनी चेलो तिरपा करून टेलपीसखाली डोकावून पाहिलं. पिळून पिळून खाली गेलेल्या दांड्याने पॉलिशमध्ये तांदळाएवढा खड्डा पाडला होता.

“हे काय?”

“आधीच्या मालकाचं असेल,” मी म्हणालो.

चेलो नवा कोरा घेतला होता. निवडायला सरच आले होते.