अपडेट बंद ठेवू नका, काका

नमस्कार काका,

‘ब्राउझर अपडेट ठेवा’ या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दर महिन्याला दुरुस्त करावं असं ब्राउझरमध्ये बिघडतं तरी काय? बटणांच्या जागा हलवून कंपन्या नुसतं काम दाखवतात. आणि या सगळ्याला कंटाळून तुम्ही वर्षभर अपडेट बंदच ठेवलं आहे. हे शेवटचं वाचून काळजी वाटली, म्हणून उत्तर लांबलंय.

बटणांवरचा तुमचा राग मला पटतो. बँकेच्या साइटवर कसं जायचं ते माझ्या आईने वहीत पेन्सिलने लिहून ठेवलंय, शेजारी बुकमार्कच्या चांदणीचं चित्र काढून. एका सकाळी ती चांदणी पडद्यावर नेहमीच्या जागी नव्हती. आईचा फोन आला, ‘माझ्या हातून काही बिघडलं का गं?’ तिला असं वाटावं याची मला फार चीड आली.

पण दुरुस्ती आणि रंगरंगोटी एकाच टेम्पोतून येतात, काका. टेम्पोच अडवला तर दोन्ही अडतात.

सप्टेंबर 2023 चं उदाहरण घ्या. वेबपी नावाचा चित्रांचा एक प्रकार आहे, रोजच्या कितीतरी साइटवर तो असतो. ही चित्रं उलगडणाऱ्या कोडमध्ये चूक सापडली. मुद्दाम तसं बनवलेलं चित्र पानावर असेल, तर नुसतं पान उघडल्याने हल्लेखोराला आत शिरायला वाट मिळू शकत होती, आणि तिचा गैरफायदा घेणं सुरूही झालं होतं. हेच कोड क्रोम आणि फायरफॉक्स हे दोन्ही ब्राउझर वापरत होते. क्रोमची दुरुस्ती 11 तारखेला आली, फायरफॉक्सची 12 ला. ‘मी भलत्यासलत्या लिंक दाबत नाही’ असं तुम्ही लिहिलंय, पण इथे ती खबरदारी पुरली नसती.

शिवाय क्रोम ज्यावर उभा आहे ते क्रोमियमचं कोड सगळ्यांना वाचायला खुलं आहे. दुरुस्ती तिथे आधी दिसते, तुमच्या संगणकावर नंतर पोचते. मधल्या दिवसांत ती वाचून चोरालाही कळतं, भोक कुठे होतं. हे दिवस कमी व्हावेत म्हणूनच ऑगस्ट 2023 पासून क्रोम सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला देऊ लागला. तुम्ही वर्षभर थांबलात, म्हणजे तुमच्या दाराचं कुठलं कुलूप मोडकं आहे हे वर्षभर चव्हाट्यावर आहे.

आता रंगरंगोटी. काही बदलांना खरंच कारण असतं. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह क्रोमने 2023 मध्ये काढलं, कारण लोक त्याचा अर्थ ‘साइट भरवशाची’ असा घेत. खरं तर ते एवढंच सांगायचं की मधल्या वाटेत कुणी तुमची माहिती वाचू शकत नाही, आणि असं कुलूप फसव्या साइटवरही असतं. गूगलच्याच 2021 च्या पाहणीत फक्त 11 टक्के लोकांना त्याचा नेमका अर्थ ठाऊक होता. हा बदल मला योग्य वाटतो.

पण 2021 मध्ये फायरफॉक्स 89 ने टॅबची पट्टी जाड केली आणि ती बारीक करायचा पर्याय नव्या लोकांसाठी मेनूतून काढला, ते मला अजून पटलेलं नाही. लहान लॅपटॉपवर पडद्याची एकेक ओळ मोलाची असते. नवं रूप द्यायचं तर जुनं निवडायची सोय काही वर्षं तरी ठेवायला हवी.

तुमच्यासाठी उपाय आहे. फायरफॉक्सची ‘ईएसआर’ नावाची आवृत्ती मिळते, मोठ्या संस्थांसाठी काढलेली, पण कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. तिचं रूप आणि सोयी साधारण वर्षातून एकदाच बदलतात, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र वेळच्या वेळी येत राहतात. दुसरं म्हणजे, शक्य तिथे कीबोर्डवरच्या किल्ल्या एकत्र दाबून वापरा: पान बुकमार्क करायला कंट्रोल आणि डी, नवा टॅब उघडायला कंट्रोल आणि टी. इतक्या वर्षांत त्या हललेल्या नाहीत. आईच्या वहीत चांदणी खोडून आता तेच लिहिलंय.

संगणकावर विंडोज 7 असेल तर नवा क्रोम चालणारच नाही, त्याची वाट वेगळी आहे. तुमची विंडोज कोणती ते इथेच कळवा, पायऱ्या एकेक करून लिहून देते.